टक् म्हटलं की थांबायचं!

गाडीचा हप्ता, इन्शुरन्सची तारीख, पुढचं सर्व्हिसिंग... सगळं तुमच्या मोबाइलमध्ये आहे. पण चाकाचे नट किती घट्ट आहेत, हे माहितीये? नसेल तर टॉर्क रेंच नावाच्या पान्याशी दोस्ती करा. तो निवडायचा कसा आणि सांभाळायचा कसा, त्याचा हा फंडा.

एक छोटीशी टेस्ट घ्या. तुमच्या फोनची बॅटरी आत्ता किती टक्के आहे? लगेच सांगाल. काल किती पावलं चाललात? तेही सांगाल. आता सांगा, तुमच्या गाडीचं प्रत्येक चाक ज्या चार-पाच नटांवर तरलंय, ते किती घट्ट आहेत?

गप्प बसलात ना? ऑफिसात लंच टेबलवर मी हाच प्रश्न टाकला, तेव्हा आमची अख्खी टीम अशीच गप्प बसली. मग हळूहळू उत्तरं आली. 'असतील की चांगले घट्ट.' 'सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बसवलेत, म्हणजे बरोबरच असणार.' आणि आमच्या ग्रुपमधला हिरो म्हणाला, 'फुल टाइट!'

'फुल टाइट' हे माप नाही, बॉस. चहात साखर अंदाजानं चालते, नटाला आकडा लागतो. आणि तो आकडा कुठं गुप्त ठेवलेला नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या कव्हरसकट पडून असलेल्या मॅन्युअलमध्ये तो छापलेला असतो. होंडा सिटीला १०८ न्यूटन-मीटर, फोक्सवॅगन पोलोला १२०. कुठल्या गाडीला ८५, कुठल्या गाडीला १००. हा आकडा मोजून देणारा पाना म्हणजे टॉर्क रेंच.

पंचावन्न किलोची मी आणि तीनशेचा नट

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? नट घट्ट असल्याशी मतलब! मीही हा प्रश्न ऐकला की एक हिशेब मांडून दाखवते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार मैत्रिणी ताम्हिणी घाटात गेलो होतो. धबधबे, भजी, फोटो सगळं झालं आणि येताना डावं मागचं चाक पंक्चर. पाऊस, धुकं, मोबाइलला रेंज नाही. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चाक कसं बदलायचं हेही मला येत होतं. पण एकही नट हलेना! आधी हातानं, मग दोघींनी मिळून, मग मी चक्क पान्यावर उभी राहिले. नट ढिम्म. शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी पान्याला लोखंडी पाइप लावून ते सोडवले. सोडवताना एका स्टडचे आटेच गेले. आदल्या आठवड्यात नवीन टायर टाकले होते, त्या दुकानात पोरानं एअर गन लावून 'ट्रर्रर्र' करत नट आवळले होते, ते असे.

हा बघा हिशेब. गाडीबरोबर मिळणारा पाना जेमतेम २५ सेंटिमीटरचा. माझं वजन ५५ किलो. त्याच्या टोकावर मी पूर्ण वजन टाकलं तरी नटावर साधारण १३५ न्यूटन-मीटर पीळ पडतो. आणि दुकानातली दणकट एअर गन मोकळी सोडली तर ३०० च्याही पुढं सहज जाते. तीनशेनं आवळलेला नट त्याच पान्यानं सोडवायचा तर सव्वाशे किलोचा माणूस हवा! आमच्या चौघींत तसं कुणीच नव्हतं. आणि नट शंभर-एकशेदहाला बसवलेला असता, तर मी एकटीनं तो सोडवला असता.

म्हणजे 'फुल टाइट' ही सेफ्टी नाही. उलट ज्या दिवशी मदतीला कुणी नसतं, त्या दिवशी ते तुम्हाला रस्त्यावर अडकवतं.

मामाची शिकवणी

घरी आल्यावर मी मामाला फोन लावला. मामानं पिंपरीतल्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर तीस वर्षं काढली आहेत. सगळं ऐकून घेतल्यावर तो हसला.

'अगं, ताकद दाखवायची असेल तर जिमला जावं माणसानं. नटावर कशाला?'

'पण मामा, सैल राहिला तर चाक निघेल ना?'

'निघेल की! म्हणून तर मोजायचं. सैलही नको, अतिही नको. नट आवळतेस तेव्हा आतला बोल्ट किंचित ताणला जातो. रबर बँडसारखा. तो ताण चाकाला आत दाबून धरतो. ताण कमी पडला तर चाक डुगडुगायला लागतं, भोकं मोठी होतात, बोल्ट तुटतात. आणि जास्त ताणलंस तर रबर बँडचं काय होतं?'

'सैल पडतं. नाहीतर तुटतं.'

'मग बोल्टचंही तेच होतं. फरक एवढाच की रबर बँड ताणल्याचं डोळ्याला दिसतं. बोल्टचं दिसत नाही.'

मामाच्या शिकवणीतून कळलेली आणखी एक गोष्ट भन्नाट आहे. आपण नट फिरवायला जी मेहनत करतो, तिच्यातली जवळजवळ ९० टक्के घर्षणातच खर्च होते. काही आट्यांत, काही नटाच्या बुडाशी. बोल्ट ताणायला उरते फक्त दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून तर 'जाम लागतंय, म्हणजे घट्ट झालंय' हा हाताचा अंदाज फसतो. आटे गंजलेले असतील तर नट घट्ट वाटतो, पण आत ताण आलेलाच नसतो. उलट कुणी हौसेनं आट्यांना ग्रीस फासलं असेल, तर त्याच आकड्याला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल, तर चाकाचे आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे. तेल-बिल काही नाही.

जाता जाता थोडं जनरल नॉलेज. या पान्याचा शोध न्यूयॉर्कच्या पाणी खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार याच्या नावावर सांगितला जातो, साल १९१८. जमिनीखालच्या पाइपांच्या जोडांवरचे बोल्ट लोक प्रमाणाबाहेर आवळायचे, त्यावर त्यानं हा उपाय काढला म्हणे. म्हणजे 'फुल टाइट'वाले तेव्हाही होतेच!

तिघांपैकी कोण तुमचा?

टॉर्क रेंच मुख्यतः तीन तऱ्हेचे मिळतात.

पहिला, काट्याचा. यात एक लांब दांडी, तिच्या बाजूला एक काटा आणि खाली आकड्यांची पट्टी. जोर लावला की दांडी वाकते, काटा जागेवरच राहतो आणि पट्टीवर आकडा दिसतो. स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, बिघडायला फारसं काही नाही. स्वस्त आणि साधा. नट सुलटा-उलटा दोन्हीकडे मोजतो. फक्त काटा अगदी समोरून बघावा लागतो. तिरकं बघितलं की आकडा चुकलाच. गाडीखाली वाकून, अंधारात, पावसात काटा बघणं म्हणजे कसरतच.

दुसरा, 'टक्'वाला, म्हणजेच क्लिक टाइप. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा आणि पाना ओढायचा. आतली स्प्रिंग त्या आकड्यापर्यंत दम धरते, मग आतला सांधा सटकतो. 'टक्' असा आवाज येतो आणि हाताला छोटासा झटका जाणवतो. डोळे मिटूनही काम होतं. बहुतेक गॅरेजवाले हाच वापरतात आणि माझ्याकडेही हाच आहे. मात्र एक लक्षात ठेवा. 'टक्' म्हणजे ब्रेक नव्हे! पाना फक्त सांगतो, थांबवत नाही. तुम्ही पुढं ओढत राहिलात तर नटही पुढं आवळत राहतो.

तिसरा, डिजिटल. स्क्रीनवर आकडा, हवा तेवढा पीळ आला की 'बीप', वर लाइट. दिसायला एकदम कूल. एकके एका बटणावर बदलतात. पण महाग, आणि ऐन वेळी सेल संपला तर नुसता दांडा! रोज वापरणार असाल तर ठीक, वर्षातून चारदा वापरायला कशाला?

एक पाना सगळ्याला? नाही चालत!

इथं बहुतेकांचा घोळ होतो. 'मोठाच घेऊन टाकू, सगळ्याला चालेल,' असं वाटतं. पण वजनकाट्याचं उदाहरण घ्या. भंगारवाल्याच्या काट्यावर तुम्ही सोनं मोजाल का? टॉर्क रेंचचंही तसंच. तो त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांखाली भरवशाचा नसतो. म्हणजे २०० न्यूटन-मीटरचा पाना ४० च्या खाली वापरायचाच नाही. तुमचा नेहमीचा आकडा पट्टीच्या मधल्या भागात येईल, असा पाना निवडा.

कारच्या चाकांसाठी अर्धा इंची चौकाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा पाना घ्या. छोट्या गाड्यांचे आकडे बहुतेक ८५ ते १३० च्या दरम्यान असतात, म्हणजे बरोब्बर मध्यात.

बाइक स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी तीन-अष्टमांश इंची, साधारण १० ते १०० चा. ऑइल बदलताना ड्रेन बोल्टला बऱ्याच बाइक्सना २० ते ३० एवढंच लागतं. इंजिनाचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं. बोल्ट लोखंडाचा. जास्त आवळलं की कोण हरणार, हे सांगायला नकोच. आटे गेले की दुरुस्तीचं बिल बघून टॉर्क रेंच स्वस्त वाटायला लागतो.

आणि सायकलवाले? पाव इंची, २ ते २० च्या आसपासचा. वीकेंडला सिंहगड चढणारी मंडळी महागड्या कार्बन सायकली घेतात आणि हँडल साध्या एल-कीनं 'अंदाजानं' आवळतात. नीट बघा, हँडलच्या क्लॅम्पवर बहुतेक वेळा बारीक अक्षरांत '५ न्यूटन-मीटर' असं काहीतरी छापलेलं असतं. पाच! करंगळीचं काम. कार्बनला जास्त आवळलं तर तडा जातो, आणि तो कधीकधी उतारावरच समजतो.

बोहरी आळीत शॉपिंग

मॉलमध्ये ही वस्तू शोधू नका. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट. शनिवारी सकाळी लवकर जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. मी गेले तेव्हा दुकानदार शेठनं आधी माझ्या मागं कुणी पुरुष आहे का ते बघितलं. मग विचारलं, 'कुणासाठी पाहिजे?' म्हटलं, 'माझ्यासाठी. हाफ इंच ड्राइव्ह, क्लिक टाइप, दोनशेपर्यंत.' त्यानंतर चहा आला!

दुकानात उभ्या-उभ्या या गोष्टी बघा. आकडे रंगवलेले नकोत, खोदलेले हवेत. मूठ फिरवताना सलग फिरली पाहिजे आणि आकडा लावल्यावर पक्की लॉक झाली पाहिजे. पट्टीवर न्यूटन-मीटर हवंच. नुसती पाउंड-फूट असेल तर दर वेळी १.३६ नं गुणत बसाल. जुन्या मॅन्युअलमध्ये किलो-मीटर असा आकडा दिसला, तर तो अंतराचा नव्हे! त्याला ९.८ नं गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात.

मुख्य म्हणजे डबीत कॅलिब्रेशनचा कागद आहे का ते विचारा. त्यावर पान्याचा सीरियल नंबर असतो, तो पान्यावरच्या नंबरशी जुळवून बघा. आयएसओ ६७८९ या जागतिक मानकानुसार १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक टाइप पान्यात चार टक्क्यांपर्यंतची चूक चालते, म्हणजे १०० लावलं तर ९६ ते १०४. कागद नाही, नंबर नाही आणि किंमत मात्र निम्मी, असं असेल तर शेठना नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. आणि हो, प्लॅस्टिकच्या कडक डबीसकटच घ्या. सोबत तुमच्या नटाच्या मापाची गोटी. कारला बहुतेक १७, १९ किंवा २१ मिलिमीटरची लागते.

ओढा, झटका देऊ नका

वापरणं अवघड नाही. नट आधी हातानं बसवा, म्हणजे आटे तिरके जाणार नाहीत. मग साध्या पान्यानं हलकेच आवळा. जॅक खाली घेऊन चाक जमिनीला टेकवा आणि मगच टॉर्क रेंच हातात घ्या. समोरासमोरचे नट एकाआड एक घ्या. पाच नट असतील तर चांदणी काढतो तसं. ओळीनं गोल गोल आवळलं की चाक एका बाजूनं दाबलं जातं आणि पुढं ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरू शकतं.

हात मुठीच्या मधोमध ठेवा. दांड्याच्या मध्यावर धरू नका आणि पाइप लावून लांबी तर मुळीच वाढवू नका. एका लयीत, सावकाश ओढा. झटका दिला की आकडा फसतो. 'टक्' आलं की हात थांबलाच पाहिजे. 'अजून एकदा, मनाच्या समाधानासाठी' असं करू नका. दर जादा 'टक्' नटाला थोडा-थोडा पुढं नेतो.

आणि मग ५०-१०० किलोमीटर गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा. नवं चाक बसवल्यावर नट किंचित सैल पडू शकतात. कामाला पाच मिनिटं लागतात. सिग्नलला आपण याहून जास्त वेळ थांबतो!

टायरच्या दुकानातही आता मी उभी राहून सांगते, 'दादा, गन हलकी मारा, शेवटचं माझ्या पान्यानं करू.' पहिल्यांदा पोरं हसतात. दुसऱ्यांदा तीच विचारतात, 'ताई, हा केवढ्याला पडला?'

लाड नकोत, शिस्त हवी

टॉर्क रेंच दिसतो पान्यासारखा, पण तो मोजायचं यंत्र आहे. तुम्ही घड्याळानं खिळा ठोकता का? मग यानं जाम झालेला नट सोडवायचाही नाही. सोडवायला साधा पाना, आवळताना शेवटी फक्त हा.

काम झालं की मूठ फिरवून आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा. स्प्रिंग महिनोन् महिने ताणात राहिली तर तिचा दम कमी होतो आणि आकडे खोटे पडायला लागतात. पण खालच्या खुणेच्याही खाली उलटी फिरवत राहू नका, आतले भाग सैल होतील. (ऑफिसातून घरी आल्यावर आपणही हेच करायला हवं, असं मामा म्हणतो. लॅपटॉप बंद, स्प्रिंग मोकळी!) काट्याच्या पान्याला ही भानगड नाही. त्याचा काटा शून्यावर आहे ना, एवढंच बघायचं.

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हत्यारं रॉकेलमध्ये नाहीतर पेट्रोलमध्ये बुचकळून साफ करतात. टॉर्क रेंचला हे विष आहे. आतलं ग्रीस धुऊन निघतं. कोरड्या फडक्यानं पुसा, बस्स. आत तेल सोडायचं शहाणपणही नको.

पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका, कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकतो तशी. डिकीत सुटा लोळत ठेवू नका. बरेच दिवस वापरला नसेल, तर कामाआधी कमी आकड्यावर पाच-सहा वेळा 'टक्' करून घ्या, म्हणजे आतलं ग्रीस सगळीकडे पसरतं. डिजिटल असेल तर सेल काढून ठेवा. आणि हातातून फरशीवर पडला, तर पुन्हा तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तपासायचा कुठं? रोज वापरणाऱ्यांसाठी नियम आहे, १२ महिने किंवा ५००० वेळा वापर, जे आधी होईल ते. एनएबीएलची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅब औद्योगिक पट्ट्यात मिळतात. तिथून रीतसर दाखला मिळतो. आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांना घरच्या घरी अंदाज घेता येतो. पान्याचा चौकोनी चौक बाकाच्या शिकंज्यात आडवा पकडा. चौकापासून बरोब्बर अर्ध्या मीटरवर जिममधली १० किलोची प्लेट दोरीनं हळूच टांगा. तिथं ४९ न्यूटन-मीटर पीळ पडतो, वर पान्याच्या स्वतःच्या वजनाची थोडीशी भर. पाना ४५ वर लावलात तर 'टक्' यायला हवा, ५५ वर लावलात तर यायला नको. उलटं झालं तर समजा, लॅबची वेळ आली. हा दाखला नव्हे, पण डबीतला पाना खोटं बोलतोय का, एवढं नक्की कळतं.

डिकीत ठेवा ही चिठ्ठी

- आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून काढून डबीच्या झाकणावर आतून चिकटवा.
- आटे कोरडे, स्वच्छ. नट हातानं सुरू करा.
- चाक जमिनीवर, मग समोरासमोर आवळा.
- पहिल्या 'टक्'ला थांबा.
- ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.
- काम संपलं की आकडा सगळ्यात खाली, पाना डबीत.

खर्च? चांगला क्लिक टाइप साधारण ब्रँडेड स्नीकर्सच्या एका जोडीत येतो. स्नीकर्स दोन वर्षांत फाटतात, हा नीट ठेवला तर कितीतरी वर्षं साथ देतो. आणि खरी गंमत पैशांची नाहीच. या पान्याला तुम्ही पहिलवान आहात की पंचावन्न किलोची मुलगी, याच्याशी काही देणंघेणं नाही. आकडा एकच, 'टक्' एकच. मोजून घट्ट केलेला नट पुढच्या माणसाला, वेळ पडली तर तुमच्या आईलाही, त्याच छोट्या पान्यानं सोडवता येतो. तेव्हा या शनिवारी ग्लोव्ह बॉक्स उघडा, मॅन्युअलचं कव्हर फाडा आणि आपला आकडा शोधा!